हिरासिंगचं घर विकलं का?

पुंडलिकराव पिंपळशेंडे बँकेच्या पायरीशी उभे होते आणि पाय काही उचलत नव्हता. वणीचा उन्हाळा म्हणजे सकाळीच डोकं तापवणारा. बाजूला कडुलिंबाची बरी सावली होती, पण तिकडं सरकायचंही त्यांना सुचलं नाही. आत जाऊन एवढंच विचारायचं होतं, की शेजारच्या हिरासिंग आडेचं घर काल लिलावात विकलं गेलं का. विचारायला पाठवलं होतं खुद्द हिरासिंगनं.

"तूच जाऊन ये, डायवर," हिरासिंग म्हणाला होता. "माह्यानं नाही ऐकवत. पन पाह्यजो, नसनच विकलं."

हिरासिंगला ऐकायचं होतं, 'नाही विकलं.' पुंडलिकरावांना ऐकायचं होतं, 'विकलं.' जिवाभावाच्या मित्राचं घर विकलं जावं म्हणून हा माणूस गेला महिनाभर देवाला हात जोडत होता, आणि हात जोडून झाले की आपलीच लाज वाटून देवघरातून बाहेर येत होता. हे विमलताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, ठाऊक नव्हतं.

पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. पुढचं वाचताना कोणाला तसं वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. साधा, मुकाट, नाकासमोर चालणारा माणूस. वणी आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. हिरासिंग त्यांचा कंडक्टर. मुकुटबन, पाटण, झरी जामणी या जंगलातल्या रस्त्यांवर दोघांनी उभी नोकरी काढली. ड्युट्या बदलायच्या, साहेब बदलायचे, पण ही जोडी कोणी फोडायच्या भानगडीत पडलं नाही, कारण फोडली की दुसऱ्याच दिवशी दोघांचेही रजेचे अर्ज टेबलावर यायचे. हिरासिंग बोलघेवडा. तांड्यावरची बाई चढली की तिच्याशी आपल्या बंजारा गोरबोलीत बोलायचा, कोलामाच्या म्हाताऱ्याशी कोलामीत, आणि तेलंगणाच्या बाजूचा कोणी आला की तेलुगूतही रेटून न्यायचा. पुंडलिकराव कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. त्यांचं काम समोर पाहण्याचं होतं. मागं कोण चढलं, कोण उतरलं, कोणाची कोंबडी सुटली, हे ड्रायव्हरनं पाहायचं नसतं. हिरासिंगनं दोरी ओढली, दोनदा घंटी वाजली, की गाडी काढायची. उभ्या नोकरीत या भरवशानं त्यांना एकदाही दगा दिला नाही.

दगा झाला तो निवृत्तीनंतर.

दोघांनी राजूर रस्त्यावरच्या लेआउटमध्ये लागून लागून प्लॉट घेतले होते. घरं बांधली, मध्ये कंबरेएवढी भिंत घातली. विमलताईंना आणि हिरासिंगच्या बायकोला, जमनीला, दिवसातून दहा वेळा फाटकातून वळसा घालून जायचा कंटाळा यायला लागला, तेव्हा हिरासिंगनं एक दिवस सब्बल घेऊन भिंतीला खिंडार पाडलं. तेव्हापासून वाटीभर साखर, तुरीच्या डाळीचं वरण, सोलेभाजी, सगळा व्यवहार त्या खिंडारातून चालायचा.

मग हिरासिंगच्या पोराला, इंद्रजीतला, टिप्पर घ्यायचा नाद लागला. राजूरचा कोळसा वाहायचा, पैसाच पैसा. बँक म्हणाली, बापाचं घर तारण द्या, आणि वर आणखी एक जामीनदार आणा, त्याच्याही घराचे कागद लागतील. हिरासिंग पुंडलिकरावांना बँकेत घेऊन गेला आणि एका जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथं सही कर, डायवर. तुह्ये कागदं नुस्ते फायलीत लावाले पायजे."

घंटी वाजली. पुंडलिकरावांनी गाडी काढली. एक ओळ वाचली नाही. विमलताईंना सांगितलं नाही, कारण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं असतं.

टिप्पर काही दिवस झोकात चालला. पुढं कोळशाच्या वाहतुकीचा ठेका दुसऱ्याला गेला, हप्ते थकले, एक दिवस टिप्परही ओढून नेला. इंद्रजीत हैदराबादकडं कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून निघून गेला. आणि हिरासिंगच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली. घराचा लिलाव.

त्या दिवशी दोघं बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. निवृत्त झाले तरी दोघांची बैठक तिथंच असायची.

"घेतीन काय गा लोकं माह्यं घर?" हिरासिंगनं विचारलं.

"घेतीन न. काहून नाही घेनार? बोअरले पानी हाये, रस्त्याले लागून हाये."

हिरासिंग बशीत फुंकर घालू लागला. मग एकदम हसला. "हाय लागते म्हनाचं."

"कोनाची?"

"जमनीची. मानूस बोली लावाच्या आधी धा डाव इचार करन. तू फक्त हो म्हनत जाय. तू कधी बोलत नाही, म्हनून तुह्यावर लोकायचा इस्वास हाये."

आपल्याकडं लिलावातलं घर घ्यायला माणूस तसाही बिचकतो. रडत्या बाईला बाहेर काढून त्या चुलीवर आपला चहा ठेवायचा, हे कोणाच्या पोटात सुखानं उतरत नाही. या बिचकण्यालाच हिरासिंगनं खतपाणी घातलं. वणीच्या स्टँडवर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मारेगावला उतरते, हे त्या दोघांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? हिरासिंग सांगायचा, की जमनीनं पदर पसरून शाप दिला आहे, जो घर घेईल त्याचं वाटोळं होईल. एक जण नुसतं घर पाहून गेला तर त्याची दुभती म्हैस गेली. पुंडलिकराव बाजूला बसून मान हलवायचे. "खरं हाये," एवढंच म्हणायचे. एवढं पुरायचं.

जमनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी उन्हात पापड वाळवत होती.

पहिल्या लिलावाला कोणी आलं नाही. हिरासिंगनं पेढे वाटले. बँकेनं किंमत उतरवून दुसऱ्यांदा लिलाव काढला, तेव्हाही कोणी फिरकलं नाही. हिरासिंगनं पुन्हा पेढे आणले, या वेळी केशराचे. "थकन बँक," तो म्हणाला. "कटाळून सोडून देइन."

बँका कंटाळत नाहीत. त्यांनी पुंडलिकरावांना बोलावून घेतलं. टेबलापलीकडं एक तरुण अधिकारी होता, मऊ बोलणारा. त्यानं पंखा त्यांच्याकडं वळवला, पाणी मागवलं, आणि सांगितलं, "काका, तिसऱ्यांदा लिलाव काढतोय. या वेळीही कोणी आलं नाही, तर आम्हाला दुसरं तारण लिलावात काढावं लागेल."

"दुसरं म्हंजे?"

"तुमचं घर."

पुंडलिकराव घरी आले तेव्हा विमलताई अंगणात उभ्या राहून मागच्या बाजूला टिनाचं शेड कसं काढायचं, ते बोटानं हवेत आखून दाखवत होत्या. "येच्यावरून दोडक्याचा वेल सोडू," त्या म्हणाल्या. पुंडलिकराव 'हो' म्हणाले. पुढं कितीतरी दिवस ते प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणत राहिले. जेवण उतरेना. रात्रीची पाठ खाटेला लागेना. घराच्या भिंतीवरून हात फिरवत फिरायचे, आणि विमलताईंनी विचारलं की ओल पाहून राह्यलो म्हणायचे. भर उन्हाळ्यात कसली ओल?

हिरासिंगला सांगायचं? दोनदा गेले. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? 'तुझं घर जाऊ दे म्हणजे माझं वाचेल', याशिवाय दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते सांगता येणार होतं? पहिल्यांदा गेले तेव्हा हिरासिंग दाराला रंग देत होता. "आता हे आपलंच हाये," तो म्हणाला. पुंडलिकराव ब्रश धरून त्याला दुसरा हात मारू लागले. दुसऱ्यांदा जमनीनं समोर ताट ठेवलं. ते जेवून परत आले.

बाहेर पडायला एकच वाट होती. हिरासिंगचं घर कोणीतरी घ्यायला हवं होतं. आणि ते कोणी घेऊ नये, याचा चोख बंदोबस्त त्यांनी स्वतः मान हलवून हलवून केला होता. स्वतःच्या हातानं कडी लावून आत बसलेला माणूस कोणाला हाक मारणार?

अशात मारोती उरकुडे आला. राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेला, भल्या तोंडाचा माणूस. त्याला वणीत घर हवं होतं. घर घेण्याआधी शहाणा माणूस शेजाऱ्याला विचारतो, तसा तो फाटकाशी येऊन उभा राहिला. विमलताई तेव्हा यवतमाळला लेकीकडं गेल्या होत्या. पुंडलिकरावांनी त्याला आत घेतलं.

"घर मनात भरलं," मारोती म्हणाला. "भाव बी बरा लागला हाये. पन लय हाय हाये म्हनते ह्या घराले. बायको म्हनते, फुकट भेटलं तरी नोको."

"कोन सांगतलं?"

"बसमधी कंडक्टर सांगे. घर पाहून गेला त्याची म्हैस मेली, आन् त्याच्या भावाचा पाय मोडला."

पाय नवीन होता. रस्त्यात कोणीतरी जोडला असावा. पुंडलिकरावांना हसू आलं. 'हे सगळं खोटं आहे, आम्हीच उठवलं', असं सांगायला काय हरकत होती? पण मग मारोतीनं विचारलं असतं, की तेव्हा खोटं बोलणारा माणूस आज खरं बोलतोय कशावरून. उभ्या आयुष्यात कधी चार वाक्यं सलग न बोललेला हा माणूस त्या दिवशी बोलला. स्वतःचं तोंड चालताना पाहून त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

"हाय हाये, हे खरं," पुंडलिकराव म्हणाले. "पन तिले उतार हाये."

"काय उतार?"

"घरधनिनीच्या हातचं पानी. त्याच घरात बसून पेल्लं, आन् तिनं राजीखुशीनं देल्लं, तं हाय उतरते. मंग काही लागत नाही."

मुकाट माणसाच्या तोंडचं लोकांना खरं वाटतं, हे हिरासिंगचं म्हणणं बरोबर होतं. "पन थे कायले देतीन मले?" मारोती म्हणाला.

"माह्यासंग चाल. घर घ्याले आलो म्हनू नोको. माह्या ओयखीचा हाय म्हन."

खिंडारातून दोघं पलीकडं गेले. हिरासिंग ओसरीवर पेपर वाचत होता. "या, या, पाव्हने," म्हणत उठला आणि लगेच राजूरच्या गोष्टी काढून बसला. मारोतीची मान अवघडली होती. तो छताकडं पाहायचा, मग दचकून खाली पाहायचा. जमनी आतून पितळेच्या तांब्यात माठाचं पाणी घेऊन आली, वर पेला उपडा घातलेला. या घरात कोणी आलं की विचारायच्या आधी पाणी येतं. मारोतीनं पेला दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, आणि घोट घोट घेत सगळा संपवला. रिकामा पेला परत देताना त्यानं जमनीला वाकून नमस्कार केला.

"आनखीन आनू?" जमनीनं विचारलं.

"नाही, बाई. झालं," मारोती म्हणाला.

पुंडलिकरावांना तिथं बसवेना. तहान लागलेली असूनही त्यांनी आपला पेला तसाच ठेवला. घरी येऊन मोरीत उभे राहिले, तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले. हिरासिंगशी त्यांचं भांडण झालं असतं, चार शिव्या दिल्या-घेतल्या असत्या, तर ते एवढे खचले नसते. ज्या बाईनं त्यांना बहिणीसारखं वाढलं होतं, तिच्याच हातून तिचं घर त्यांनी मोकळं करून घेतलं होतं, आणि तिला वाटत होतं आपण पाव्हण्याला पाणी पाजलं.

लिलावाच्या दिवशी सगळं लेआउट सकाळपासून रस्त्यावर. लोकांना वाटलं बँकेची जीप येईल, डफडं वाजेल, खुर्च्या मांडून बोली लागेल. हिरासिंगनं तर नवं धोतर नेसून दारातच ठाण मांडलं. जीप आली नाही, कुत्रंही आलं नाही. दुपार झाली, ऊन उतरलं, लोक पांगले. हिरासिंग आनंदानं ओरडला, "पाह्य, डायवर! चिटपाखरू नाही!" आणि जमनीला म्हणाला, शिरा कर.

शिरा खाताना समोरच्या घरातल्या पोरीनं, राखीनं, सांगितलं की हल्ली लिलाव दारात होत नाही, कॉम्प्युटरवर होतो. बोली लावणारा घरी बसून बटण दाबतो. हिरासिंगच्या हातातला घास तसाच राहिला. त्यानं पुंडलिकरावांकडं पाहिलं आणि म्हणाला, उद्या तू जाऊन पाहून ये.

म्हणून पुंडलिकराव आज बँकेच्या पायरीशी उभे होते.

आत गेले. त्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांना पाहिलं आणि लांबूनच हसला. "काका, सुटलात तुम्ही. एकच बोली आली, पण आली. सगळं कर्ज वळतं होतं. तुमचे कागद परत मिळतील."

"कोन घेतलं?"

त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. "उरकुडे. मारोती उरकुडे. पावसाळ्याच्या आत ताबा हवा म्हणतात."

पुंडलिकरावांनी नमस्कार केला आणि बाहेर आले. घर वाचलं होतं. दोडक्याचा वेल वाचला होता. त्यांना वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरची धोंड उतरेल, पोटभर श्वास येईल. धोंड उतरली नाही, नुसती कूस बदलून बसली. ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं, काका कुठं, तेव्हा त्यांना घराचा पत्ता आठवावा लागला.

वाटेत त्यांनी ठरवलं. सांगून टाकायचं. सगळं सांगायचं, बँकेनं काय सांगितलं ते, मारोती कोण ते, पाण्याचं काय ते. हिरासिंगनं मारलं तर मार खायचा. तोंड पाहायचं सोडलं तर ते सोसायचं. पण पोटात हे घेऊन रोज त्या खिंडारासमोर चहा पिणं आता होणार नव्हतं. ठरवल्यावर त्यांना फार दिवसांनी थोडं बरं वाटलं.

हिरासिंग घरी नव्हता. जमनी ओसरीवर गहू निवडत बसली होती. पुंडलिकरावांचा चेहरा पाहून तिचे हात थांबले.

"विकलं न, भाऊ?"

"हो, वहिनी."

तिनं सुपातले खडे एका बाजूला केले. रडली नाही. नुसती मान हलवली.

"वहिनी, मले एक सांगाचं हाये," पुंडलिकराव म्हणाले. "थो जो पाव्हना आलता न, राजूरचा…"

"त्यानंच घेतलं न?"

पुंडलिकरावांनी मान वर केली.

"तहानलेला मानूस डोये मिटून पानी पेत नाही, भाऊ," जमनी म्हणाली. "आन् पेला देताना पाया पडत नाही. देवाचं तीरथ घ्यावं तसा पेला थो. मले तवाच समजलं, हा घर पाहाले आला हाये. आन् तुमची मान पार खाली गेलती."

"मंग सांगतलं काहून नाही? हिराभाऊले काहून नाही सांगतलं?"

"तुमचे कागदं बी त्याच फायलीत हायेत, हे मले मालूम नाही काय? पोरगं माह्यं. टिप्पर माह्या पोराचा. विमलताईचं घर कायले जावं?" तिनं सूप खाली ठेवलं. "आनखीन आनू काय म्हनून मी इचारलं न त्याले? थे काय उगीच इचारलं?"

पुंडलिकरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिथंच पायरीवर बसले. बाईनं जाणूनबुजून दिलं होतं. त्यांनी मनानं रचलेला खोटा उतार तिला कोणी सांगितला नव्हता, तरी तिनं तो राजीखुशीनं खरा करून दिला होता.

"मी हिराभाऊले सांगतो," ते म्हणाले. "आता आला की सांगतो. मले नाही राहवत."

"नाही सांगाचं," जमनी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण त्यात वादाला जागा नव्हती. "तुमाले मोकयं वाटन, भाऊ. थ्यायचं काय? पोरगं दूर गेलं. घर गेलं. आता तुमी बी गेले, तं हा मानूस बोलन कोनासंग? तुमच्याशिवाय कोन हाये त्याले? माह्यी शपथ हाये."

फाटक वाजलं. हिरासिंग आला. दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता समजला. पायातल्या चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला. आपल्या नव्यानं रंगवलेल्या दाराकडं एकदा पाहिलं. मग त्यानं गमछानं तोंड पुसलं.

"तुह्ये कागदं येतीन न परत?" त्यानं विचारलं.

"येतीन."

"बरं झालं. मले त्याचीच भीती होती गा. तू बोलला नाही, पन मले कायजी लागली होती. मीच सही कर म्हनलं होतं तुले." त्यानं पुंडलिकरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोन घेतलं?"

जमनी सुपातल्या गव्हाकडं पाहत होती. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. "मालूम नाही," ते म्हणाले. "बँक नाव सांगत नाही म्हनते."

"जाऊ दे. कोनी का असंना." हिरासिंगनं मोठा श्वास घेतला, आणि एसटीत गर्दी झाली की जसा मोठ्यानं बोलून सगळ्यांना हुरूप द्यायचा, तसा आवाज काढला. "पन मी हे लेआउट सोडत नाही, डायवर. दुसरीकडं जाऊन मले करमनार नाही. तुह्यी वरची खोली रिकामीच हाये न? भाड्यानं दे मले. आमी दोघंच तं आहो."

खिंडारातून विमलताई आत येत होत्या. यवतमाळहून आणलेल्या आंब्यांची पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं आणि पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "अन् भाडं कायचं देता, भाऊ? आजच सामान हलवाले लागा. मी खोली झाडून ठेवतो."

"पाह्य," हिरासिंग म्हणाला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "वरून माह्यं घर बी दिसत राहीन. नवा मालक आला की त्याले बोअरचं, लायटीचं समजावून सांगावं लागन. मीच सांगन. मानूस चांगला असला, तं त्याच्यासंगबी जमवून घेऊ. नाही काय, डायवर?"

तिघंही पुंडलिकरावांकडं पाहत होते. पावसाळ्याच्या आत मारोती उरकुडे कुलूप उघडायला येणार होता, आणि वरच्या खोलीच्या खिडकीतून हिरासिंग त्याला ओळखणार होता.

"हो," पुंडलिकराव म्हणाले. "कवाही या."